तार तुटल्यानंतरचा निरोप

मी एक जुना टेलिफोन आहे. काळा, जड, पाट्यावर ठेवलेल्या वरवंट्यासारखा. माझ्यावर आकड्यांची चकती नाही, कारण मला एकाच ठिकाणी बोलायचे होते. माझी तार नदीकाठाने वर जाई, सरहद्द ओलांडी आणि पलीकडच्या देशातल्या मोजणी चौकीत संपे. मी खालच्या देशातल्या चौकीत होतो. नदी मात्र दोघांची एकच होती.

आमच्या चौकीत पाणी मोजणाऱ्या बाई होत्या. वरच्या चौकीत एक म्हातारे गृहस्थ होते. बाई त्यांना काका म्हणत. रोज सकाळी आठला मी वाजे.

"वर चार मीटर वीस."

"खाली तीन दहा. बरे आहात ना, काका?"

"आहे. पाणी पाठवलंय, सांभाळून घ्या."

बस्स, एवढेच. दोन देशांच्या करारानुसार पाण्याची उंची तेवढी सांगायची होती. अठरा वर्षांत दोघांनी एकमेकांचे तोंड पाहिले नाही.

एकदा आमच्या खोलीत मोठी बैठक झाली. कोणत्या देशाला नदीची कोणती माहिती लागते, ते ठरवायचे होते. पाऊस, गाळ, मासे, क्षार असे करत यादी बेचाळीस कलमांवर गेली. बाई कोपऱ्यात उभ्या होत्या. शेवटी त्यांना राहवले नाही.

"साहेब, बेचाळीस राहू द्या. मला एकच कळू द्या. वरच्या धरणाचे दरवाजे कधी उघडणार? खाली सखल वस्ती आहे. माझी आई तिथंच राहते."

"ते त्यांचं गुपित आहे, बाई. यादीत बसत नाही," साहेब म्हणाले.

त्या वेळी माझा रिसीव्हर चुकून टेबलावर पडलेला होता. पलीकडे कोणीतरी श्वास रोखून ऐकत होते. ते फक्त मला कळले.

पुढे दोन्ही देशांचे बिनसले. माणसे आली, त्यांनी तार कापली आणि गुंडाळून नेली. माझ्या पाठीला हातभर शेपूट उरले, ते सुतळीने बांधून ठेवले. मी कागद दाबायच्या कामाला लागलो. मित्रांनो, मुका टेलिफोन कोणाला आवडतो? पण बाई रोज आठला मला पुसत, आणि उगाच एकदा कानाला लावत.

मग एके दिवशी मला पाणी ऐकू येऊ लागले. आमची नदी तर उन्हाळ्यात अगदी गप्प होती. हा आवाज बाहेरचा नव्हता, माझ्या आतला होता. रोज तो थोडा वर चढे.

चौथ्या दिवशी भर दुपारी बारा वाजता माझी घंटा वाजली.

पहारेकरी जेवत होता. त्याचा घास हातातच राहिला. सुतळी बांधलेले माझे शेपूट टेबलाखाली लोंबत होते. "बाई, उचलू नका," तो कसाबसा म्हणाला.

बाईंनी उचलला.

"बाई, तुम्ही त्या दिवशी विचारलं होतंत. उघडलेत. सगळे दरवाजे. तुमच्यापर्यंत पाच तास."

"काका? कुठून बोलताय? वर किती आहे?"

"मोजपट्टी दिसत नाही, बाई. डोक्यावरून चाललंय."

मग नुसते पाणी.

बाई धावतच वस्तीत गेल्या. आभाळ स्वच्छ होते. लोक हसले. "उन्हात कुठला आलाय पूर?" एकाने विचारले. बाईंची आई मात्र पायरीवरून उठली आणि गाठोडे बांधू लागली. "माझ्या लेकीचा आकडा आजवर चुकलेला नाही," ती म्हणाली. म्हातारी टेकडी चढायला लागलेली पाहून एकेक दार बंद होऊ लागले. पाचच्या सुमारास पाणी आले. वस्तीची छपरेही दिसेनाशी झाली. माणूस एकही गेले नाही.

महिन्याभराने दोन्हीकडचे अधिकारी पुन्हा माझ्यासमोर बसले. पलीकडची इंजिनीअर बाई खाली मान घालून बोलली. "डोंगरात तीन दिवस पाऊस झाला. धरणाला तडा गेला, दरवाजे उघडावे लागले. सगळ्यात आधी आमची चौकी वाहून गेली. साडेदहाला. सगळे बाहेर पडले होते. काका म्हणाले, खाली कळवून येतो. तार नाही हो, असं आम्ही ओरडून सांगितलं. ते आत गेले."

पहारेकऱ्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले आणि नजर वळवली.

बाईंसमोर अहवालाचा कागद होता. त्यात एक रकाना होता, 'माहिती देणाऱ्याचे नाव'. त्यांची लेखणी थांबली.

"त्यांचं नाव काय हो?" त्यांनी हळूच विचारले. "मी कधी विचारलंच नाही."

इंजिनीअर बाईने ते त्यांच्या कानात सांगितले. बाईंनी सावकाश लिहिले आणि पदर तोंडाला लावला.

आता नव्या करारात दरवाज्यांचे कलम सर्वांत वर आहे. उघडायच्या आधी खाली कळवायचे, भांडण असले तरी. मी कपाटात असतो. माझी घंटा गंजली आहे, ते बरेच झाले.

मित्रांनो, तुम्ही वर राहत असाल, तर खालच्यांना काय कळायला हवे ते त्यांनाच विचारा. तारा तोडू नका. आणि रोज तुम्हाला काही सांगणारे कोणी असेल, तर त्याचे नाव आजच विचारून घ्या.