दाजी बसले ते बसले

"दोन-दोन पोलीस पोसलेत मी घरात, आणि माझ्याच विहिरीवरची मोटार चोरीला जाते! त्या टोप्या कशाला घालता रे, ऊन लागू नये म्हणून?"

सकाळीच म्हातारीच्या तोंडाचा पट्टा सुटला होता. चूक तिचीही नव्हती. मिरचीचं रान ऐन भरात आलेलं, ढेकळं पायाला चटके देत होती, आणि रोपांनी कालच माना टाकायला सुरुवात केली होती. आज पाणी मिळालं नाही, तर मिरची गेल्यातच जमा.

हवालदार, म्हणजे म्हातारीचा थोरला, खाली मान घालून ऐकत होता. एरवी त्याच्या तोंडात शिवी आधी यायची आणि शब्द मागून. चोर असो, साक्षीदार असो, नाहीतर सुरू न होणारी फटफटी, तो कुणाला सोडायचा नाही. फक्त एका माणसापुढं त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. तो माणूस म्हणजे त्याच्या हाताखालचा शिपाई, त्याच्या धाकट्या बहिणीचा नवरा. चौकीत हाताखाली आणि घरात डोक्यावर! मागं एकदा नुसतं "अरे" निघून गेलं होतं, तर बहिणीनं महिनाभर अबोला धरला होता.

आणि हे दाजी तरी कसे? चोरालाही 'अहो' म्हणणारे. कुठंही बसायचं झालं की खिशातला रुमाल काढायचा, झटकायचा, अंथरायचा, मग बसायचं. तोवर चोर सासुरवाडीला जाऊन जेवून यायचा.

दोघं फटफटीवरून निघाले. दाजी पुढं, हवालदार मागं. ओढ्याच्या वळणावर भंगारवाल्याची तीनचाकी दिसली, आणि तिच्यात पोत्याखालून डोकावणारी निळी मोटार. दाराचा उरलेला रंग म्हातारीनं स्वतःच्या हातानं फासला होता, ओळखायला चष्मा लागत नव्हता. खाकी कपडे दिसताच भंगारवाल्यानं गाडी कालव्याच्या चिंचोळ्या वाटेला घातली.

"दाजी, जरा जलद घेता का?" हवालदार दात आवळून म्हणाला.

"वाट खराब आहे, साहेब. हाडं खिळखिळी होतील."

"होऊ द्या की."

"तुमची नाही हो, गाडीची म्हणतोय."

तीनचाकी पुढं चालली, धुरळा दोघांच्या तोंडात. हवालदारानं एक शिवी गिळली, दुसरी गिळली. तिसरी काही गिळवेना.

"अरे गाढवा, हाण की गाडी!"

दाजींनी करकचून ब्रेक दाबला. फटफटी वाटेत आडवी झाली आणि हवालदार उडून कालव्याकडेच्या चिखलात, थेट कमरेपर्यंत. दाजी उठले. रुमाल झटकला, अंथरला आणि फटफटीला टेकून मांडी घातली.

"माफी मागितल्याशिवाय मी उठणार नाही."

"अहो दाजी, चोर चालला!"

"जाऊ दे. गाढवाला काय कळतंय?"

पण चोर गेला नव्हता. पुढं मेंढरांचा कळप वाट अडवून उभा होता. भंगारवाल्यानं तीनचाकी जागच्या जागी फिरवली आणि परत येतो तो काय, एक पोलीस चिखलात, दुसरा मांडी घालून वाटेत! त्यानं भोंगा वाजवला.

"बाजूला व्हा की, साहेब."

"होणार नाही. मला गाढव म्हटलंय. बायकोच्या भावानं!"

भंगारवाल्यानं चिखलाकडं पाहिलं. "अहो, घरचे जावई आहेत का तुमच्या? मग मागा की माफी! आम्हाला उशीर होतोय."

"तू कोण रे मला सांगणारा?" हवालदार चिखलातून ओरडला, तसा आणखी वीतभर खाली गेला.

मग भंगारवालाच खाली उतरला. "सोडून द्या हो, पाहुणे. घरात भांड्याला भांडं लागतंच. उठा बघू."

"तुम्ही म्हणता म्हणून उठतो," दाजी म्हणाले. "जरा हात द्या."

त्यानं हात दिला. त्यात बेडी पडली. बेडीचं दुसरं टोक फटफटीला अडकलं.

"आभारी आहे," दाजी म्हणाले.

हवालदाराला चिखलातच नाचावंसं वाटलं. "शाबास दाजी! काय सोंग केलंत!"

"सोंग कसलं?" दाजी परत रुमालावर बसले. "माफी राहिलीच आहे."

भंगारवाला कळवळला. "मागा हो! किती वेळ उन्हात उभं करता?"

हवालदारानं जन्मात कुणाची माफी मागितली नव्हती. पण डोळ्यांपुढं माना टाकलेली मिरची आली, आणि पोत्याखालची निळी मोटारही. ती दाजींनीच मिळवली होती, हेही खरंच.

"चुकलो, दाजी."

"मोठ्यानं. मेंढपाळांना ऐकू गेलं नाही."

संध्याकाळच्या आत मोटार बसली, पाणी सरीतून झुळझुळत निघालं. म्हातारी हरखली. "जावईबापू, तुम्ही होता म्हणून! नाहीतर आमचं हे गाढव..."

दाजींचा चेहरा पडला. "सासूबाई, माझ्या साहेबांना गाढव म्हणायचं नाही. माफी मागा."

म्हातारीनं आ वासला. दाजी बांधाकडं वळले, खिशाकडं हात नेला. पण तिथं हवालदार आधीच वाकला होता. स्वतःचा चिखलानं भरलेला रुमाल त्यानं नीट झटकला, अंथरला आणि म्हणाला, "बसा, दाजी. आई मागेपर्यंत मीही बसतो."