मऊ स्टीअरिंग

सकाळी भिवंडीच्या वजनकाट्यावर मी कारकुनाला विनवून फक्त पुढची चाकं वेगळी तोलून घेतली. नऊशे किलो. मालासकट अख्खा ट्रक सहा हजार. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या आसांमधलं अंतर चार मीटर वीस. नऊशे गुणिले चार दशांश दोन, भागिले सहा हजार. गुरुत्वमध्य मागच्या आसाच्या फक्त त्रेसष्ट सेंटिमीटर पुढे होता.

भावजींनी, म्हणजे माझ्या बहिणीच्या नवऱ्याने, महादूने, नुकताच ट्रकचा हौदा मागे चार फूट वाढवून घेतला होता. आत यंत्रमागांचे लोखंडी सांगाडे होते. ते वज्रेश्वरीच्या अलीकडे टेकडीवरच्या नव्या शेडला पोचवायचे होते.

"तवापासून स्टीअरिंग लोण्यासारखं झालंय," ते खुशीत म्हणाले.

ते का झालं हे सांगितलं असतं तर दिवसभर 'बीएस्सी, बीएस्सी' ऐकावं लागलं असतं.

शेलार गावाला माझी बहीण कमळा आणि वीसेक बायका देवीला जायला चढल्या. पुढे लोखंड, म्हणून सगळ्या वाढवलेल्या शेपटीत बसल्या. माझं गणित पुन्हा सुरू झालं. हजार किलो, मागच्या आसाच्या दोन मीटर मागे. त्रेसष्टचे पंचवीस उरले.

मग शेडचा कच्चा चढ समोर आला. सहा मीटरला एक मीटर उंची. गुरुत्वमध्याची उंची दीड मीटर धरली, तर चढावर तो मागे सरकणार होता दीड भागिले सहा. पंचवीस सेंटिमीटर. म्हणजे पुढच्या चाकांवर काहीच वजन उरणार नव्हतं.

"भावजी, थांबा. चढू नका."

"गप र्‍हा, बीएस्सी. इथं थांबवली तं मागं घरंगळंल."

चढ लागला होता. वळण आलं. भावजींनी चाक फिरवलं, अगदी एका हाताने. ट्रक सरळच चालला. डाव्या बाजूला दरी होती. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, फक्त डोळे बदलले.

मी केबिनच्या मागच्या खिडकीत तोंड घातलं. "ताई, सगळ्या पुढं सरका. लोखंडावर या. उभ्या राहू नका."

"ह्याला आमच्या मांडीला मांडी लावून बसायचंय का रं?" कोणीतरी म्हणालं. बायका हसल्या.

कमळाताई हसली नाही. तिने माझ्याकडे पाहिलं आणि गुडघ्यांवर रांगत सांगाड्यांवर चढली. "चला गं. तो कारण नसताना बोलत न्हाय." तिच्यामागे एकेक जणी सरकल्या.

पुढची चाकं खडीत रुतल्याचा आवाज मी ऐकला. स्टीअरिंग जड झालं. भावजींना दोन्ही हात लावावे लागले. काठापासून वीतभर अंतरावरून ट्रक वळला.

वर पोचल्यावर ते खाली उतरले, पुढच्या टायरला हात लावून बसून राहिले.

"काट्यावरच ठावं व्हतं तुला?"

"हो."

"मग?"

"तुम्ही हसाल म्हणून."

ते हसले नाहीत. मागे कमळाताई हातातलं लोखंड अजून सोडत नव्हती.