एका पानात बसलं पाहिजे

खात्यात तिला सगळे 'कात्री' म्हणत, आणि तिला ते आवडायचं. का नाही आवडणार? विज्ञान-तंत्रज्ञान खात्यात धोरण-विश्लेषक ढीगभर होते, पण शास्त्रज्ञांचा जाडजूड अहवाल छाटून मंत्र्यांसाठी एका पानात बसवावा तो तिनेच. मंत्री पान उलटत नाहीत, हे खात्यात सगळ्यांना ठाऊक. पानाबाहेर राहिलेली गोष्ट जगातच नाही असं समजायचं.

डोळे तपासणाऱ्या यंत्राचा अहवाल असाच तिच्या टेबलावर आला. मधुमेहात डोळ्याचा पडदा खराब होतो. हे यंत्र पडद्याचा फोटो काढून डॉक्टरशिवाय निकाल देणार होतं. यंत्र झकास होतं, पण एक मेख होती. मोतीबिंदू असला की फोटो धूसर यायचा, आणि धूसर फोटोला यंत्र बिनदिक्कत 'दोष नाही' म्हणून मोकळं व्हायचं. तिने हे लिहिलंही होतं. पण पान दोन ओळींनी वाहत होतं.

"कात्री, काय ते उडव गं," साहेब दारातूनच म्हणाले. "बैठक सुरू होतेय."

खर्चात किती बचत होईल हे सांगणारा तक्ता उडवता आला असता. पण तो साहेबांचा लाडका. तिने मोतीबिंदू उडवला. पुढच्या टिपणात घालू, असं तिने मनाशी ठरवलं. पुढचं टिपण कसलं निघतंय! यंत्रं मात्र गावोगावच्या दवाखान्यांत जाऊन बसली.

इथवर सगळं नोकरीतलं. नोकरीत माणूस चुकतो, एखादा म्हणेल जाऊ दे. पण घरी बाबा होते.

बाबा निवृत्त बसचालक. जुना मधुमेह, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि जिभेला ब्रेक म्हणून नाही. भेटेल त्याला अडवून सांगायचे, "आमच्या लेकीचं यंत्र आलंय, पाहिलंत का?" जणू तिनेच स्क्रू पिळले होते! एकदा दुपारी जेवताना ते ऐटीत म्हणाले, "तुझ्या यंत्रासमोर बसून आलो बरं का. दोष नाही म्हणालं! आता डोळ्यांच्या डॉक्टरकडचे हेलपाटे बंद. दर वेळी थेंब घालून आंधळ्यासारखा घरी पाठवतो लेकाचा."

तिचा घास हातातच राहिला. मोतीबिंदूचं अगदी ओठांवर आलं होतं. पण बाबा इतके खुशीत होते! आपली लेक कचेरीत नेमकं करते काय, हे त्यांना आयुष्यात पहिल्यांदा कळलं होतं.

"बरं झालं," ती म्हणाली, आणि जेवू लागली. काहीतरी निमित्त काढून त्यांना डॉक्टरकडे नेऊ, असं तिने ठरवलं. मग अधिवेशन आलं, मग दौरा आला, आणि नेणं राहून गेलं. विसरली मात्र नव्हती हं. रोज बाबांनी चष्मा पुसला की तिला ते आठवायचं, आणि रोज ती उद्यावर ढकलायची.

मग एका सकाळी बाबांनी चहा कपाच्या शेजारीच ओतला.

डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. "उजव्या डोळ्याचा पडदा गेलाय. ती नजर आता येत नाही. डावा वाचवायची खटपट करू. इतके दिवस होतात कुठे?"

"चुकलंच माझं," बाबा ओशाळून म्हणाले. "आळस केला. तिच्या यंत्राला बोल लावू नका हं डॉक्टर."

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते तिला त्या खुर्चीवर कळलं. बाहेर बाकावर बसल्या बसल्या तिने सगळं ओकून टाकलं. साहेबांची घाई, दोन ओळी, तक्ता, सगळं. "आजच लेखी देते, बाबा. यंत्रं थांबवायला लावते. नोकरी गेली तरी चालेल. पण तेव्हा खरंच एका पानात बसत नव्हतं हो."

बाबा चष्मा काढून मांडीवर ठेवत म्हणाले, "मंत्र्यांचं पान भरलं होतं, ठीक आहे. पण मी तर जेवायला तुझ्यासमोरच बसलो होतो ना गं?"