कुंदनचं पान

कुंदन असोद्याचा. केळीच्या बागेतलं काम आटोपलं, की मोटारसायकल काढून गावोगावच्या बारवा, वीरगळ, पडक्या गढ्यांचे फोटो काढायचा आणि मुक्त ज्ञानकोशावर चढवायचा. जळगावच्या त्याच्या स्वयंसेवी गटात पाचच जण. गट उभा केला शिक्षिका असलेल्या नूतननं. ज्ञानकोशावरचं पान काढून टाकायचा अधिकार गटात तिच्या एकटीकडे होता.

मार्चमध्ये नशिराबादजवळ ट्रकनं कुंदनला उडवलं. एक बारव बघून तो परतत होता. तिकडे त्याला नूतननंच पाठवलं होतं.

तेराव्यानंतर गटातल्या त्याच्या मित्रानं, जीवरामनं, ज्ञानकोशावर कुंदनचं पान लिहिलं आणि असोद्याला जाऊन त्याच्या आईला, प्रमिलाबाईंना, मोबाइलवर दाखवलं. त्यांना वाचता येत नव्हतं. तरी शेजारणींना बोलावून त्या सांगू लागल्या, "माह्या कुंदनचं नाव जगात गेलं!"

चार दिवसांनी कुठल्याशा परगावच्या संपादकानं पानावर सूचना लावली: विश्वसनीय संदर्भ नाहीत, पान काढावं. जीवरामकडे अपघाताची चार ओळींची बातमी तेवढी होती. तीतही नाव चुकलेलं.

जीवराम नूतनकडे गेला. "ताई, एवढं एक पान राहू द्या. कोणाचं काय जातं?"

"आपल्या माणसावर आपण लिहायचं नाही, हे धुळ्याच्या कार्यशाळेत मुलांना कुंदननंच शिकवलं होतं रे."

"मग दुसऱ्या कोणाला काढू द्या."

नूतनला ते पटेना. परक्या हातानं त्याचं नाव पुसलं जावं, हे तिला सोसणार नव्हतं. तिनं स्वतः पान काढून टाकलं. जीवराम त्या दिवसापासून गटात आला नाही.

रविवारी ती एसटीनं असोद्याला गेली.

"मावशी, कुंदनचं पान मी काढून टाकलं. नियमात बसत नव्हतं."

प्रमिलाबाईंनी विचारलं, "काही चुकलं का त्याचं?"

"नाही हो! त्याचे बाराशे फोटो आहेत तिथे. ते कुणी काढून टाकणार नाही."

"त्यात तो दिसतो का?"

"नाही. फोटो काढणारा तोच ना."

"मंग मले काय करायचे ते?" त्यांचा आवाज फाटला. "शेजारनींले आता काय सांगू?"

नूतननं त्यांचा हात धरायला हात पुढे केला. प्रमिलाबाईंनी आपला हात पदराखाली घेतला.

"जाय बाई," त्या म्हणाल्या. "तुही बस चुकीन."