पाचांपैकी एक कारण

"भीती, लाज, वेळ नाही, माहिती नाही, दवाखाना लांब. यांपैकी कुठलं कारण लिहू?" अभ्यासवालीनं विचारलं.

समोर नर्सबाई बसल्या होत्या. वर्षभर या बाईंच्या हाताखाली त्यांनी हेच पाच पर्याय दारोदार वाचून दाखवले होते. आज पहिल्यांदाच त्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूला होत्या.

अभ्यासवाली म्हणजे विद्यापीठातून आलेल्या डॉक्टरीणबाई. वस्तीतल्या पाचशे बायकांची यादी करून त्यांतल्या कोणाची कॅन्सरची तपासणी झाली, कोणाची राहिली आणि का राहिली, हे त्या शोधत होत्या. जी बाई हयात नसेल, तिच्या घरच्यांना विचारायचं. यादीतल्या एका नावासाठी त्या घरी गेल्या, तर नवऱ्यानं हात वर केले. "बायकांच्या तपासण्यांतलं मला काय कळतं? तिच्या बहिणीला विचारा. तुमच्याच दवाखान्यात नर्स आहे."

नर्सबाईंना वस्तीत सगळे मागून 'रांगबाई' म्हणत. नगरसेवकाची सासू आली तरी नंबराशिवाय आत सोडायच्या नाहीत. एकदा खुद्द दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांच्या मेव्हणीला त्यांनी बाकावर दीड तास बसवलं होतं, आणि ही गोष्ट त्या चारचौघांत कौतुकानं सांगत. गरिबाचा वाली कोणी नसतो, निदान रांग तरी असावी, असं त्यांचं म्हणणं. म्हणणं काही खोटं नव्हतं. फक्त रांगेत आपलं माणूस उभं राहिलं की त्या रांगेच्याही पुढे जात. त्याला सगळ्यांच्या शेवटी ढकलत, म्हणजे बोलायला कोणाला जागा नको.

त्यांची थोरली बहीण लाँड्रीत इस्त्रीवर होती. सकाळी आठला पाळी सुरू व्हायची. तपासणी पाच मिनिटांची, पण नमुन्यांचा डबा बारा वाजता बंद होऊन प्रयोगशाळेत जायचा.

"वेळ नव्हता, असं लिहू का?" अभ्यासवालीनं हलक्या आवाजात सुचवलं. "नोकरी करणाऱ्या बायकांचं बहुतेक तेच येतंय."

"वेळ होता तिला," नर्सबाई म्हणाल्या. "तीनदा आली होती."

अभ्यासवालीचं पेन थांबलं.

"पहिल्यांदा आली तेव्हा तिचा नंबर सोळावा होता. मी म्हटलं, ताई, तू काय, घरचीच. लांबून आलेल्यांना आधी घेते. ती म्हणाली, घे गं, मला कुठे गाडी पकडायचीय. बारा वाजले, डबा गेला. दुसऱ्या वेळी एक बाई कडेवर मूल घेऊन आली. मी ताईकडे नुसतं पाहिलं. ती आपणहून उठली."

"आणि तिसऱ्यांदा?"

नर्सबाईंनी टेबलावरच्या कागदांची चळत उगाचच सरळ केली.

"तिसऱ्यांदा दारातूनच म्हणाली, जरा सांगायचं होतं तुला. माझ्या हातात सुई होती. म्हटलं, संध्याकाळी घरी सांग ना, इथे कशाला. संध्याकाळी मी गेले तिच्याकडे. भाचीच्या शाळेचं बोललो, भावोजींच्या गुडघ्याचं बोललो. मी विचारायचं विसरले. ती सांगायची राहिली."

ताई सांगायची का राहिली, हे नर्सबाईंना आता चांगलं ठाऊक होतं. धाकटी दिवसभर लोकांची दुखणी ऐकून दमून आलीय, तिच्या डोक्याला आणखी ताप कशाला, असा तो हिशेब. आई गेल्यापासून ताईनं धाकटीच्या बाबतीत दुसरा हिशेब केलाच नव्हता. स्वतः आठवीत शाळा सोडून तिला नर्सिंगला घातलं, तेव्हाही नाही.

पाच महिन्यांनी ताई लाँड्रीतच चक्कर येऊन पडली. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी कागद वाचले आणि नर्सबाईंना बाहेर बोलावलं. तुम्ही याच क्षेत्रातल्या ना, मग इतका उशीर कसा, असं त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. आत खाटेवर ताई म्हणाली, "इथे बघ, आल्या आल्या नंबर लागला." ती थट्टाच करत होती. तिला जन्मात टोमणा मारता आला नाही. नर्सबाईंना मात्र ते वाक्य ताई पुढे जगली ते आठ महिने झोपू देत नव्हतं, आणि ती जाऊन आता वर्ष होत आलं तरी देत नव्हतं.

"रजिस्टरात यातलं काहीच नाही," अभ्यासवाली पानं उलटत म्हणाली.

"कसं असेल? तपासणी होते तिचंच नाव आपण लिहितो. बाकावर बसून परत गेलेली बाई आपल्या लेखी आलेलीच नसते."

अभ्यासवालीनं रजिस्टर मिटलं. बाहेर कोणीतरी खोकलं.

"या पाचांत हे बसत नाही, सिस्टर. 'इतर'मध्ये टाकते. काय लिहू?"

"लिहा, दवाखान्यातून परत पाठवलं. तीन वेळा."

"अहवाल वर जातो. कोणी पाठवलं, असं विचारतील."

"विचारू देत. पण तिला वेळ नव्हता, असं लिहू नका. अर्धा दिवस बिनपगारी घेऊन यायची ती. नट्टापट्टा न करणारी बाई, पण इथे येताना इस्त्रीची साडी नेसून यायची. माझ्या दवाखान्यात यायचं म्हणून."

अभ्यासवालीनं पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. त्यांनी तो घेतला नाही. वाक्य लिहून होईपर्यंत त्या कागदाकडे बघत राहिल्या.

खाली शेवटचे दोन रकाने उरले होते.

"माहिती देणाऱ्याचं मृताशी नातं?"

"धाकटी बहीण."

पुढचा रकाना व्यवसायाचा होता. अभ्यासवालीनं तो वाचला, काही न विचारता कोरा सोडला आणि कागद उलटा करायला घेतला. नर्सबाईंनी तिचा हात थांबवला. तिच्या बोटांतून पेन काढून घेतलं आणि रजिस्टरात लिहितात तशा सुवाच्य अक्षरात लिहिलं: नर्स, याच दवाखान्यात.