पुदिन्यातला काळा घेवडा

एर्मिलो लॉस एंजेलिसहून गावी परतला तेव्हा त्याने दोन गोष्टी आणल्या: गवत कापायचं यंत्र आणि नाक. नाक आधीही होतं म्हणा, पण तिकडे राहून ते फार मोठ्या घरचं झालं होतं. सान हासिंतोतला कुठलाच वास आता त्याला चालेना.

आमच्या डोंगरात प्यायच्या पाण्याची मारामार, आणि या गृहस्थाने अंगणात हिरवळ लावली. त्यासाठी कुंपणालगतचं सगळं एपासोते मुळासकट उपटलं. हा आमचा घेवड्यात घालायचा पाला. चुरगाळला तर घासलेटात ओवा वाटल्यासारखा घमघमतो. गटाराकडेला, भिंतीच्या फटीत, कुठेही उगवतो, आणि त्याच्या दोन डहाळ्या पडल्याशिवाय काळ्या घेवड्याचं मडकं आमच्याकडे चुलीवरून उतरत नाही.

"कोंपाद्रे, हे गटारातलं तण तुम्ही अजून खाता?" त्याने मला विचारलं. त्याच्या पोराचा मी धर्मपिता, म्हणून आम्ही एकमेकांना कोंपाद्रे म्हणायचं. नाहीतर मी त्याला काय म्हटलं असतं ते इथे लिहिता येत नाही.

"खातो बाबा. म्हणून तर जेवल्यावर चारचौघांत बसता येतं."

त्याला कळलं नाही. त्याला काय कळत होतं?

त्याला गावाचा अध्यक्ष व्हायचं होतं. आमच्याकडे माणूस आधी तोपिल होतो, म्हणजे गावाचा हरकाम्या: निरोप पोचवायचे, दारुड्यांना घरी न्यायचं, गटारं उपसायची. मग एकेक पायरी चढत म्हातारपणी कुठे अध्यक्षाच्या खुर्चीत. एर्मिलोला पहिल्या पायरीची लाज आणि शेवटच्या पायरीची घाई. त्याने बेत केला: संताच्या सणाचं यजमानपद घ्यायचं, अख्ख्या गावाला जेवू घालायचं, आणि त्याच संध्याकाळच्या गावसभेत तृप्त गावाने आपल्याला एकदम वर नेऊन बसवायचं.

सणाच्या आदल्या दिवशी रिवाजाप्रमाणे बायका त्याच्याकडे रांधायला आल्या. पुढे तिया फ्लावियाना, साऱ्या गावाची आत्या, जिभेने मिरचीपेक्षा तिखट. एर्मिलो फाटकात उभा राहून प्रत्येकीची टोपली हुंगत होता.

"तिया, ते घासलेट बाहेर ठेवा. घेवड्यात पुदिना पडेल. तिकडच्या बियांचा आहे, पाकिटातल्या."

"पुदिना? घेवडा खायचाय का त्याने दात घासायचेत?"

"तिया, माझं घर, माझं मडकं."

"खरंय रे राजा. यजमानाचा शब्द मोडायचा नाही." ती मागे वळली. "ऐकलंत ना ग? घाला पुदिना. आणि उद्या आपणा सगळ्याजणींना उपास आहे."

"कसला?" एकीने विचारलं.

"कसला का असेना."

दुसऱ्या दिवशी गावातले यच्चयावत पुरुष जेवले. मीही हात राखला नाही. फुकटचं ताट समोर आलं की माझ्यासारख्या बँडवाल्याला तत्त्व राहत नाही. एर्मिलो पंक्तीतून मिरवत होता. "काय सुगंध! हे खरं जेवण." असं म्हणून तोही बसला आणि भरपेट जेवला.

संध्याकाळी सभा भरली. निकालाची धून वाजवायला आमचा बँडही आत बसला. दाराला अडसर पडला; निर्णय होईपर्यंत तो काढायचा नाही, असा बापजाद्यांचा नियम. आणि मत देणं म्हणजे उभं राहणं.

तेवढ्यात एपासोतेविना शिजलेला घेवडा बोलू लागला.

आधी कोपऱ्यातून, दबकत. मग बाकांच्या रांगाच्या रांगा. संताच्या तसबिरीपुढच्या मेणबत्त्या एका बाजूला झुकल्या. छपराची दोन कौलं उचलली गेली आणि वळचणीची कबुतरं शेजारच्या गावी उडाली. ती अजून तिकडेच आहेत. खोटं वाटत असेल तर जाऊन त्यांना विचारा.

"एर्मिलो अध्यक्ष व्हावा असं ज्यांना वाटतं त्यांनी उभं राहावं," सभेचा म्हातारा प्रमुख कसाबसा म्हणाला.

कोण उठणार? सगळे गुडघे आवळून, घामाने निथळत बसलेले.

"उठा की रे! माझं अन्न खाल्लंत ना?" एर्मिलो बसल्या जागेवरून ओरडला.

"खाल्लं म्हणूनच बसलोय," मी म्हणालो. "आधी तू ऊठ, कोंपाद्रे."

तो तिरमिरीत उठला. त्या आवाजाचं वर्णन मी करणार नाही. एवढंच सांगतो, की उभा जन्म मी बँडमधला सगळ्यात मोठा भोंगा, ट्युबा, फुंकला, पण तो खालचा सूर मला कधी लागला नाही. आमच्या बँडमास्तरला वाटलं, मीच सुरुवात केली. त्याने काठी हलवली आणि बँडने विजयाची धून धरली. धून पुरी झाली नाही. फुंकायला श्वास घ्यावा लागतो, आणि त्या खोलीत तो कुणी घेईना.

"झालं तुमचं?" मागून तिया फ्लावियाना म्हणाली. "मग आता माझं नाव घ्या."

बायका उठल्या. सगळ्या, फुलासारख्या हलक्या. विरोधाला कुणी नाही. विरोध करायचा तरी उभंच राहावं लागतं. अडसर निघण्याआधी, आमचे जीव कंठाशी आलेले असताना, नव्या अध्यक्षीणबाईंनी सावकाश पहिला हुकूम दिला: "एर्मिलो तोपिल. गटारं उपसेल. पण गटाराकडेच्या एपासोतेला धक्का लागता कामा नये."

आता रोज सकाळी तो फावडं घेऊन बाहेर पडतो आणि त्या झुडपांना वळसा घालून गाळ काढतो. हिरवळ गाढवांनी कधीच फस्त केली.

परवा मी विचारलं, "काय कोंपाद्रे, वास येतो का?"

तो गाळ उपसत राहिला. पण त्याच्या शर्टाच्या खिशातून दोन हिरव्या डहाळ्या डोकावत होत्या. घरी घेवडा शिजत असणार.