काळ्या मखमलीवर सांडलेले बाळ

मित्रांनो, मी एक जुना काळा पडदा आहे. चित्रपटगृहात तुम्ही ज्याच्याकडे तोंड करून बसता, तो पांढरा पडदा निराळा. तो माझा थोरला बंधू, आणि सारा मानमरातब त्याचाच. त्याच्या डाव्या अंगाला जी काळी मखमल लोंबत असते, जिच्याकडे आजवर कोणी ढुंकूनही पाहिले नाही, ती मी. उजव्या अंगाला माझा जुळा भाऊ असतो.

आमचे कार्य साधे, परंतु जबाबदारीचे आहे. चित्रपट अरुंद असला की आम्ही दोघे आत सरकतो, रुंद असला की बाहेर सरून वाट देतो. चित्राची कड बोटभर आमच्या अंगावर सांडू द्यावी, अशी ऑपरेटर मंडळींची रीत आहे. तो सांडलेला प्रकाश आम्ही पिऊन टाकतो. म्हणून तुम्हाला चित्राची कड सुरीने कापल्यासारखी स्वच्छ दिसते.

मला शिवणारा शिंपी वृद्ध होता. दात पडलेले, पण टाका सरळ. मला दांडीवर चढवले त्या दिवशी त्याने चार पावले मागे जाऊन पाहिले आणि म्हणाला, "काय काळा झालाय. विहिरीत डोकावल्यागत वाटतं." माझ्या आयुष्यातील ती पहिली प्रशंसा, आणि बहुधा शेवटचीच.

मित्रांनो, आमचे चित्रपटगृह एकाच कुटुंबाच्या खांद्यावर चालत असे. यंत्राच्या खोलीत ऑपरेटर. तिकिटाच्या खिडकीत त्यांची थोरली बहीण, जिला सगळेच आक्का म्हणत. आक्कांचे यजमान व्यवस्थापक, म्हणजे ऑपरेटरांचे भाऊजी. ही तिघेही वरच्या मजल्यावरील दोन खोल्यांत राहत. दारावर एक दारवान होता. तो प्रत्येक गोष्टीत मुद्दा काढी म्हणून त्याचे नाव वकील पडले होते. आणि या सर्वांच्या वर मालकीणबाई, ज्या वर्षाकाठी एखाद्या वेळी काठी टेकत येत आणि नाकाला रुमाल लावून परत जात.

माझ्या दुर्दैवाचा आरंभ एका गळक्या छपरातून झाला. पाणी झिरपले आणि थोरल्या बंधूच्या डाव्या बाजूवर चहासारखा तपकिरी डाग पसरला. दुसऱ्याच दिवशी मालकीणबाई यायच्या होत्या. भाऊजींची पाचावर धारण बसली. त्यांनी शिडी लावली, माझी दोरी कप्पीवरून सोडवली, मला हातभर आत ओढले आणि खालच्या कोपऱ्यात सरळ एक खिळा ठोकला. डाग झाकला गेला. मालकीणबाईंच्या काही लक्षात आले नाही, असे आम्हाला वाटले. भाऊजींनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि तो खिळा ते साफ विसरून गेले.

तेव्हापासून ऑपरेटर दोरी ओढत, तेव्हा माझा जुळा भाऊ डौलाने सरके आणि मी मात्र जागीच राही. दोरी उजव्या बाजूला, तिथे कायमचा अंधार. दोन्ही पडदे हलले असणार असे ते गृहीत धरीत. तिकडे चित्राची एक फाक माझ्या पोटात जाऊ लागली. दुरून ती कोणालाच दिसत नसे, कारण काळ्या मखमलीवर चित्र उमटत नाही. मी कित्येक नायकांचे कोपर गिळले आहेत. कित्येक न्यायालयांतील अर्धे साक्षीदार गिळले आहेत. कोणाचे काही अडले नाही. कडेला सहसा भिंत असते, झाड असते, नाहीतर कोणाचे तरी काका उभे असतात.

पण मित्रांनो, मग तो चित्रपट आला.

मालकीणबाईंच्या पुतण्याला चित्रपटगृहात फर्निचरचे गोदाम करायचे होते. बाईंचे मन डळमळू लागले होते. त्या भाऊजींना म्हणाल्या, "रविवारी दुपारी मी स्वतः येऊन एक अख्खा सिनेमा बघते. इथं बसून माणसाला काही मिळतं का ते पाहू द्या. मग ठरवते."

भाऊजी एखादा विनोदी चित्रपट आणू म्हणत होते. ऑपरेटरांनी हट्ट धरला. परगावी त्यांनी परग्रहवासीयांच्या स्वारीचा एक चित्रपट पाहिला होता आणि तेव्हापासून तो त्यांच्या डोक्यातून जात नव्हता. "भाऊजी, माझ्या शब्दाखातर आणा," ते म्हणाले. "बाईंच्या डोळ्यांत पाणी नाही आलं, तर मी स्वतः त्या पुतण्याच्या गोदामात कपाटं उचलीन."

चित्रपट आला. बुधवारी लागला. आणि पहिल्याच खेळाला लोक शिट्ट्या वाजवत बाहेर पडले.

आपल्याला कथा सांगतो. आभाळातून उपड्या पातेल्यासारखे एक अजस्र यान एका गावावर येऊन ठाकते. त्यातून लांबलचक हात निघतात, घरांची छपरे उचलतात, आत डोकावतात आणि छप्पर पुन्हा ठेवून देतात. फौजा येतात, तोफा चालतात, यानाला ओरखडाही उठत नाही. गावाच्या टोकाला एक विधवा पाव भाजून गुजराण करीत असते. तिच्या घरातील दूध रोज नाहीसे होते. शेवटी ती अंगणात उभी राहते, डावीकडे पाहते, हुंदका देते, "जा" म्हणते, आणि ते यान निमूटपणे निघून जाते.

लोकांना दिसले ते एवढेच.

उरलेले माझ्या अंगावर पडत होते. त्या विधवेच्या लाकडांच्या ढिगाआड, चित्राच्या अगदी डाव्या कडेला, परग्रहावरचे एक लहानसे बाळ लपून बसले होते. ते चुकून खाली पडले होते. दूध तेच पीत असे. गावातले सगळे जीव मुठीत धरून पळत होते, आणि तिकडे आभाळातले आईबाप छपरे उचलून आपले लेकरू शोधत होते. चित्रपट करणाऱ्याने मोठ्या कसबाने ते बाळ कायम कडेला ठेवले होते, म्हणजे पाहणाऱ्याने ते स्वतः शोधावे. शोधणार कोण? ते माझ्या मांडीवर बसले होते.

शेवटचा खेळ सुटला की झाडलोट करताना माझ्यासमोरच वाद पेटत असे.

"एवढे शहाणे," वकील झाडू टेकून म्हणे, "तारे ओलांडून आले. आणि काय केलं? कौलं उचलली. अहो, कौलंच बघायची होती तर वरूनच दिसत होती की."

"ते कौलं बघायला नाही आले," ऑपरेटर म्हणत. "त्यांचं पोर हरवलेलं असतं."

"कुठलं पोर? सिनेमाभर एक पोर दाखवा मला."

"लाकडामागं असतं. हिरवट. मोठ्या डोळ्यांचं."

"आक्का, तुम्ही पाहिलंत?"

आक्का खुर्च्यांखालची टरफले गोळा करीत असत. त्या भावाकडे न पाहता म्हणाल्या, "मी दोनदा बसले. मला तरी नाही दिसलं, बाबा."

"मग दूध कोण पितं?" ऑपरेटर चिडून विचारीत.

"ते मलाही कळलं नाही," वकील म्हणे. "हीच तर गोम आहे. दूध जातं आणि कोणी पीत नाही. फौज हरते आणि एका बाईनं जा म्हटलं की शत्रू जातो. माझी बायको मला रोज जा म्हणते, मी जातो का?"

भाऊजी हसत नसत. ते म्हणाले, "तू तिकडे झोपेत पाहिलास सिनेमा. पोर तुझ्या स्वप्नात आलं असेल."

"झोपेत माणूस रडतो का, भाऊजी?"

"लहानपणी तू रडायचास," आक्का म्हणाल्या, आणि लगेच त्यांना वाईट वाटल्याचे मला दिसले.

मित्रांनो, माझी काय अवस्था झाली असेल याची आपण कल्पना करा. संपूर्ण जगात त्या वादाचे उत्तर एकट्या माझ्यापाशी होते. उत्तर अक्षरशः माझ्या अंगावर चालत होते, डोळे पुसत होते, दूध पीत होते. आणि मला वाचा नव्हती. मखमलीला फार तर सळसळता येते. माझ्या तर पायात खिळा. मी त्या खिळ्याशी इतकी ओढाताण करीत असे की माझी शिवण उसवली, आणि ऑपरेटर म्हणाले, "बाहेरून वारा येतोय, दार लावा."

ऑपरेटरांनी आपल्या परीने सर्व उपाय केले. यंत्राचा दिवा बदलला. भिंग पुसले. हल्ली चित्रपट एका बंद डबीत येतो, तीत माणसाला डोकावता येत नाही. चित्रपट पाठवणाऱ्यांना फोन करून ते भांडले, "तुम्ही पोर कापलंत." तिकडून उत्तर आले की काही कापलेले नाही, तुमचे यंत्र तपासा. यंत्राला काही झालेले नव्हते. झाले होते ते मला, आणि मला तपासावे असे कोणाला वाटावे?

यात भर पडली मांजराची. माझ्या मागे डाव्या बाजूचा कर्णा होता. बाळाचे रडणे त्यातूनच येई. खिळा ठोकल्यामुळे मखमलीची जाड घडी त्या कर्ण्यावर बसली होती, त्यामुळे आवाज घुसमटून बाहेर पडे. प्रेक्षक ओरडत, "अरे, ते मांजर हाकला." वकील विजेरी घेऊन खुर्च्यांखाली रांगत असे. त्याने एका वाटीत दूधही ठेवून पाहिले. ते दूध मात्र कोणी प्यायले नाही.

रविवार उजाडला. ऑपरेटर नेहमी तेलकट निळा सदरा घालीत. त्या दिवशी आक्कांनी त्यांना पांढरा सदरा कडक इस्त्री करून दिला. "बाई समोर आहेत, माणसासारखा दिस," त्या म्हणाल्या. दारातून बाहेर पडता पडता ऑपरेटर थांबले. "आक्का, तुला खरंच वाटतं मी स्वप्नात पाहिलं?" आक्कांनी त्यांची कॉलर उगाच नीट केली आणि म्हणाल्या, "मला वाटतं तू जेवून घे."

मालकीणबाई मध्यभागी बसल्या. शेजारी भाऊजी. मागे तुरळक प्रेक्षक. चित्रपट सुरू झाला. छपरे उचलली गेली, तोफा चालल्या. बाईंनी पहिली जांभई दिली, तेव्हा भाऊजींनी डोळे मिटून घेतले. नंतर बाईंनी विचारले, "हे लोक छपरं परत का ठेवतात? मोडायची तर मोडा." भाऊजी म्हणाले, "बाई, सिनेमाच तसा आहे." मला हे ऐकवत नव्हते. बाई अगदी बरोबर जागी बोट ठेवीत होत्या, आणि त्यांना उत्तर मिळत होते ते असे.

शेवटचा प्रसंग आला. विधवा अंगणात आली. त्याच क्षणी बाळ रडू लागले आणि माझ्यामागून तो घुसमटलेला आवाज निघाला.

"आधी ते मांजर हाकला," मालकीणबाई काठी आपटून म्हणाल्या. "मला ऐकू द्या."

वकील खुर्च्यांखाली शिरला. ऑपरेटर वरच्या खोलीतून तणतणत खाली आले. सगळे बुडालेच होते, निदान मांजर तरी धरू, असा त्यांचा चेहरा होता. मंचावर चढून माझ्या मागे हात घालण्यासाठी ते माझ्यापुढे आले आणि आवाज नेमका कुठून येतो ते पाहण्यासाठी प्रेक्षकांकडे वळले.

आणि त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर ते बाळ उमटले.

हिरवट. मोठ्या डोळ्यांचे. लाकडामागून अर्धवट बाहेर आलेले.

सगळे त्यांच्याकडे पाहू लागले. ऑपरेटरांना वाटले, आपल्या हातून काही अपराध घडला. ते खाली उतरू लागले.

"ऑपरेटर," मालकीणबाई म्हणाल्या, "हलू नका."

ते थबकले. त्यांनी मान खाली घालून छातीकडे पाहिले. स्वतःच्या अंगावरचे चित्र त्यांना नीट दिसेना, परंतु दोन हिरवे डोळे त्यांनी ओळखले. त्यांनी सदरा दोन्ही हातांनी ताणून धरला आणि भिंतीसारखे उभे राहिले.

पांढऱ्या पडद्यावर विधवा "जा" म्हणाली. सदऱ्यावर बाळाने मागे वळून तिच्याकडे पाहिले. मग वरून एक लांबलचक हात आला, तोच हात, ज्याने इतकी छपरे उचलली होती, आणि त्याने ते बाळ अलगद उचलले. बाळ ऑपरेटरांच्या खिशावरून, कॉलरवरून, डोळे मिटलेल्या चेहऱ्यावरून वर गेले आणि त्यांच्या केसांच्या वर माझ्या काळ्यात नाहीसे झाले.

शेवटच्या रांगेत उभ्या असलेल्या आक्का स्वतःशीच म्हणाल्या, "दूध तेच पीत होतं."

दिवे लागले. मालकीणबाईंनी रुमाल काढला, पण तो नाकाला लावला नाही. त्या काठी टेकत मंचापाशी आल्या आणि वाकून खाली पाहू लागल्या. "हा खिळा कोणी मारला?"

भाऊजी पुढे आले. "मी," ते म्हणाले. "मागे डाग आहे. तुम्हाला दिसू नये म्हणून."

"डाग मला ठाऊक आहे. छपराचं तुम्ही सांगितलं होतं, मीच चालढकल केली." थोडे थांबून त्या म्हणाल्या, "खिळा काढा. पुढच्या रविवारी मी परत येते. मला हा सिनेमा पहिल्यापासून बघायचाय. पुतण्याला म्हणावं, कपाटं दुसरीकडे ठेव."

भाऊजींनी मेहुण्याकडे पाहिले. "तू झोपला नव्हतास तर," ते म्हणाले.  ऑपरेटर अजून सदरा ताणूनच उभे होते. आक्कांनी जाऊन त्यांचे हात खाली केले.

मित्रांनो, खिळा गंजलेला होता. तो उपटताना माझा कोपरा फाटला. आक्कांनी तो काळ्या दोऱ्याने शिवला. टाका त्या वृद्ध शिंप्यासारखा सरळ नाही, पण पक्का आहे. आता दोरी ओढली की मी आणि माझा जुळा भाऊ बरोबरीने सरतो. थोरल्या बंधूचा डाग उघडा पडला आहे. लाकडांच्या ढिगावर तो असा मिसळून जातो की वकिलाला वाटते, तो चित्रातलाच आहे.

वाद मिटलेला नाही. पुढच्या खेळानंतर वकील झाडू टेकून म्हणाला, "पोर हरवलं, मान्य. पण तारे ओलांडणाऱ्यांना स्वतःचं पोर सांभाळता येऊ नये?" ऑपरेटर पुन्हा चिडले. मी तेव्हा प्रथमच शांतपणे ऐकले.

माझी आपणास एकच विनंती आहे. आपल्या घरात काही डागाळले, तर ते माझ्यासारख्याच्या आड लपवू नका. त्या आडोशाला कोणाचे काय जाऊन बसेल, सांगता येत नाही. आणि कोणी म्हणाले की मी पाहिले आहे, तर त्याला वेड्यात काढण्याआधी एकदा कडेला जाऊन बघा.

माझ्यापुरते म्हणाल तर, मी पुन्हा माझ्या जागी आहे. बोटभर प्रकाश पितो. तो चित्रपट लागला की ते बाळ आता थोरल्या बंधूच्या अंगावर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर बसते. माझ्याकडे पुन्हा कोणी पाहत नाही. फक्त शेवटी, वर उचलले जाण्याआधी, त्याचे एक बोट क्षणभर माझ्या फाटक्या कोपऱ्यापर्यंत सांडते. तेवढे मी पिऊन टाकत नाही.